वापरलेल्या तेलातला धातू : जुन्या वेगवान इंजिनांच्या तेलतपासणीचा इतिहास

इंजिनातून काढलेले काळे तेल टाकाऊ दिसते, पण इंजिनाच्या आतल्या झिजेची नोंद त्यातच असते. क्रँकशाफ्ट, बेअरिंग, पिस्टन, रिंग, कॅमशाफ्ट हे भाग तेलाच्या पातळ थरावर एकमेकांवरून सरकतात. कितीही चांगले वंगण असले तरी प्रत्येक भागाचे सूक्ष्म कण सुटतात आणि तेलात तरंगत राहतात. लोखंड कुठून आले, तांबे कुठून आले, शिसे किती, धूळ किती, पाणी शिरले आहे का, पेट्रोल मिसळले आहे का, हे शंभर मिलिलिटर तेलाच्या बाटलीवरून सांगता येते. धातूंचे प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, असे मोजतात. १९५० ते १९८० या काळातल्या वेगवान मोटारींचे मालक आज ही तपासणी नेमाने करून घेतात. मात्र ही विद्या मोटारीच्या गॅरेजमध्ये जन्मली नाही. ती रेल्वेच्या शेडमध्ये आणि नौदलाच्या विमानतळावर वाढली, आणि पेट्रोलच्या मोटारींपर्यंत पोचायला तिला जवळपास अर्धे शतक लागले.

त्याआधीचा काळ नजरेचा आणि हाताचा होता. मिस्त्री डिपस्टिक ओढून तेलाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळत असे. कचकच लागली तर धूळ किंवा धातू, पातळ लागले आणि पेट्रोलचा वास आला तर इंधन मिसळलेले, दुधट दिसले तर पाणी. टीपकागदावर थेंब सोडून पाहण्याची पद्धतही होती. चांगले तेल कागदावर एकसारखे पसरते. काजळी धरून ठेवण्याची ताकद संपलेले तेल मधोमध काळा ठिपका आणि कडेला पिवळट वलय सोडते. ही परीक्षा आजही खोटी ठरत नाही. पण तेल खराब झाले एवढेच तिच्याने कळते. इंजिनाचा कोणता भाग झिजतो आहे, हे कळत नाही.

ते कळण्यासाठी लागणारे शास्त्र १८५९-६० मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे तयार झाले. गुस्ताव किर्खहोफ आणि रॉबर्ट बुन्सेन यांनी दाखवून दिले, की प्रत्येक मूलद्रव्य तापून प्रकाश देऊ लागले की त्याच्या वर्णपटात ठरावीक जागी ठरावीक रेषा उमटतात. त्याच रेषांवरून त्यांनी सीझियम आणि रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्ये शोधली. पोलाद आणि मिश्रधातूंच्या कारखान्यांनी हे तंत्र उचलले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत ते कारखान्यांच्या प्रयोगशाळांत रुळले. वापरलेल्या तेलात तोच प्रयोग करावा, ही कल्पना मात्र डिझेल इंजिनाने भाग पाडल्यावर सुचली.

अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास वाफेकडून डिझेलकडे वळत होत्या. वाफेच्या इंजिनाचे सांधे, दांडे, चाके बाहेरून दिसत; अनुभवी फिटर आवाजावरून दोष सांगे. डिझेल इंजिनाचे सगळे बंद पेटीत. क्रँकशाफ्टचे बेअरिंग गेले की शेकडो मैलांवर डोंगरात गाडी उभी राही. डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न ही कंपनी रॉकी पर्वतातल्या चढांवर गाड्या चालवत होती. तिच्या प्रयोगशाळेने १९४६ मध्ये डिझेल इंजिनांच्या वापरलेल्या तेलातले धातू मोजून बिघाड आधीच ओळखायला सुरुवात केली. या विद्येचा उगम म्हणून हेच वर्ष सर्वत्र दिले जाते. कूलिंगच्या पाण्यात गंज रोखण्यासाठी क्रोमेटसारखी संयुगे घालण्याची रीत होती. तेलात क्रोमियम वाढले की पाणी गळते आहे हे कळे. क्रोमियम रिंगमधूनही येते. म्हणजे एकाच आकड्याचे दोन अर्थ निघण्याची अडचण अगदी सुरुवातीपासून होती आणि ती आजही सुटलेली नाही.

रेल्वेच्या त्याच काळातली दुसरी गोष्ट पुढे मोटारींच्या संदर्भात फार उपयोगी पडते. जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह विभागाच्या इंजिनांत पिस्टन पिनच्या बेअरिंगला चांदीचा मुलामा असे. मोटारींच्या तेलात झिजेविरुद्ध घातले जाणारे जस्ताचे संयुग या चांदीला खाई. त्यामुळे रेल्वेचे तेल जस्त नसलेले ठेवावे लागे, आणि तपासणीत जस्त दिसले तर कोणीतरी चुकीचे तेल ओतले, असा त्याचा अर्थ होई. जुन्या मोटारीच्या तेलात नेमके उलट आहे. तिथे जस्त कमी दिसले तर काळजी करावी लागते.

१९५५ मध्ये अमेरिकी नौदलाने विमानांच्या इंजिनांसाठी हीच पद्धत अभ्यासायला घेतली. फ्लोरिडातल्या पेन्साकोला इथल्या नौदलाच्या तळावर हे काम वाढले. हवेत इंजिन बंद पडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. त्यामुळे इथे पैसा आणि चिकाटी दोन्ही मिळाले. पुढे भूदल आणि हवाई दलही त्यात आले आणि तिन्ही दलांचा संयुक्त तेलतपासणी कार्यक्रम उभा राहिला. या कामाने दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे यंत्र. ग्रॅफाइटची छोटी चकती तेलात अर्धवट बुडवून फिरवायची. चकतीच्या कडेला तेलाचा पातळ थर चढतो. वर टोकदार ग्रॅफाइटची कांडी असते आणि दोन्हींमध्ये विजेची ठिणगी सतत पेटत ठेवायची. तेल जळते, त्यातले धातू प्रकाशतात आणि प्रत्येक धातूच्या रेषेसमोर बसवलेला प्रकाशग्राहक तिची तीव्रता मोजतो. फोटोग्राफीच्या काचा धुवून रेषा मोजण्यात जाणारा वेळ वाचला. मिनिटाभरात डझनावारी धातू मोजून होऊ लागले. दुसरी गोष्ट यंत्राहून मोलाची. एका नमुन्यावरून निकाल न देता त्याच इंजिनाचे लागोपाठचे नमुने एका रांगेत मांडायचे आणि आकडा किती आहे यापेक्षा तो किती वेगाने चढतो हे बघायचे, ही शिस्त या कामात पक्की झाली.

भारतात ही विद्या रेल्वेमार्गेच आली. १९६२ मध्ये अमेरिकेच्या अल्को कंपनीची डब्ल्यूडीएम-२ इंजिने आली, १९६४ पासून ती वाराणसीत बनू लागली, आणि डिझेल शेडच्या प्रयोगशाळांत तेलाचा वर्णपट तपासणे हा देखभालीचा नेहमीचा भाग झाला.

मग मोटारी मागे का राहिल्या? तेल स्वस्त आणि मोटारीचे इंजिन तुलनेने छोटे, हे एक कारण. खरे कारण पेट्रोलमध्ये होते. ९ डिसेंबर १९२१ रोजी थॉमस मिजली यांनी जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टेट्राएथिल लेडचा गुण शोधला. पेट्रोलमध्ये ते किंचित घातले की इंजिनातले नॉकिंग थांबे. १९२३ मध्ये ओहायोतल्या डेटन शहरात असे पेट्रोल विक्रीला आले आणि पुढे अनेक दशके ते जगभर चालले. वेगवान इंजिनांचा उच्च कॉम्प्रेशन रेशो या शिशावरच उभा होता. पण जळलेल्या पेट्रोलमधले शिसे रिंगांच्या बाजूने खाली उतरून तेलात जमा होई, आणि वापरलेल्या तेलात ते हजारो पीपीएमपर्यंत जाई. बेअरिंगमधून सुटणारे शिसे असते दहा, वीस, पन्नास पीपीएम. या पुरात ते सापडणे अशक्य होते. बेअरिंग झिजल्याची सर्वांत नेमकी खूण म्हणजे शिसे, आणि पेट्रोल इंजिनात तीच खूण पुसलेली होती. डिझेलमध्ये आणि जेट इंधनात शिसे नव्हते. म्हणून तिथे ही विद्या फोफावली. सार्वजनिक आरोग्यासाठी शिसे हद्दपार झाले, तसे मोटारीचे तेल वाचता येऊ लागले. अमेरिकेत रस्त्यावरच्या वाहनांसाठी १९९६ पासून शिशाचे पेट्रोल बंद झाले, भारतात आणि युरोपीय संघाच्या बहुतेक भागात २००० सालापासून. १९६१ सालच्या जॅग्वारचे बेअरिंग तेलावरून तपासता येऊ लागले ते मोटार चाळिशीला आल्यावर.

बेअरिंगचा इतिहास माहीत नसेल तर शिशाच्या आकड्याचा अर्थ लागत नाही. १८३९ मध्ये अमेरिकेत आयझॅक बॅबिट यांनी कथील, अँटिमनी आणि तांब्याच्या पांढऱ्या धातूचे बेअरिंग नोंदवले. तो मऊ धातू कचरा पोटात घेई, पण वेगवान इंजिनाचा दाब त्याला सोसत नसे. १९३० च्या दशकात इंग्लंडच्या टोनी व्हँडरवेल यांनी अमेरिकेतून पातळ भिंतीच्या बेअरिंगचे हक्क मिळवले. पोलादी पाठ, तिच्यावर शिसे आणि तांब्याच्या मिश्रणाचा थर, आणि सर्वांत वर शिशाचा कथील किंवा इंडियमसह मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढा लेप, असे बेअरिंग युद्धानंतरच्या वेगवान इंजिनांचा कणा झाले. याच बेअरिंगच्या कमाईवर व्हँडरवेल यांनी शर्यतीच्या गाड्या बांधल्या. त्यांच्या व्हॅनवॉल गाड्यांनी १९५८ मध्ये फॉर्म्युला वनचे पहिले कन्स्ट्रक्टर्स विजेतेपद घेतले.

जॅग्वारचे एक्सके इंजिन हे वाचनाचा सराव करण्यासाठी उत्तम उदाहरण आहे. ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात एक्सके १२० मोटारीतून ते लोकांसमोर आले. सहा सिलिंडर एका रांगेत, ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड अॅल्युमिनियमचे, वर दोन कॅमशाफ्ट. १९५१ ते १९५७ या काळात याच इंजिनाच्या गाड्यांनी ल मान्सची चोवीस तासांची शर्यत पाच वेळा जिंकली. तेलात लोखंड आले तर ते सिलिंडरच्या भिंती, क्रँकशाफ्ट, कॅम, टॅपेट किंवा साखळी यांपैकी कशाचेही असू शकते. अॅल्युमिनियम बहुधा पिस्टनचे. तांब्याबरोबर शिसे असेल तर बेअरिंग. तांबे एकटेच असेल तर कनेक्टिंग रॉडच्या वरच्या टोकातले ब्राँझचे बुश.

समजा अशा ३.८ लिटर इंजिनाच्या तेलाचे तीन अहवाल हातात आहेत, दरवेळी साधारण तितकेच किलोमीटर चालल्यावर काढलेले. लोखंड १८, मग २१, मग २४. शिसे ६, ७, मग एकदम ३१. तांबे ५, ६, मग १४. कथील १, १, ३. लोखंडाची चाल संथ आहे, म्हणजे सिलिंडर आणि कॅम ठीक. शिशाने उडी घेतली, म्हणजे बेअरिंगचा वरचा लेप गेला. तांबेही मागोमाग चढले, म्हणजे झीज खालच्या थरापर्यंत पोचली. हे वाचणाऱ्याने इंजिन जोरात पळवणे थांबवावे आणि संप, म्हणजे इंजिनाच्या तळचे तेलपात्र, खोलून बेअरिंग पाहावे. तिसरा अहवाल एकटाच हातात असता तर ३१ हा आकडा काही भयंकर वाटला नसता. त्याचे गांभीर्य आधीच्या ६ आणि ७ मुळे आहे.

पोर्शे ९११ चे इंजिन हेच आकडे वेगळ्या अर्थाने दाखवते. १९६४ मध्ये उत्पादन सुरू झालेले हे सहा सिलिंडरांचे इंजिन हवेने थंड होते, म्हणून पाण्याच्या गळतीची खूण मानले जाणारे सोडियम आणि पोटॅशियम इथे तो अर्थ देत नाहीत. संप कोरडा, तेल वेगळ्या टाकीत, आणि तेलाचे एकूण प्रमाण साध्या मोटारीच्या दुपटीहून अधिक. तेवढीच झीज जास्त तेलात पसरली की पीपीएमचा आकडा छोटा दिसतो. लहान आकडा म्हणजे निरोगी इंजिन असे समजणाऱ्याची इथे फसगत होते. कॅमशाफ्ट थेट अॅल्युमिनियमच्या खोबणीत फिरतो, म्हणून अॅल्युमिनियम म्हणजे फक्त पिस्टन नव्हे. १९६८ पासून साधारण दशकभर क्रँककेस मॅग्नेशियमचे होते. आणि काही तेलांत स्वच्छता राखणारे रसायन म्हणून मॅग्नेशियम मुद्दाम घातलेले असते. कोणते तेल ओतले होते हे माहीत नसेल तर तो आकडा वाचूच नये. १९७३ च्या कॅरेरा आरएस २.७ मध्ये सिलिंडरच्या अॅल्युमिनियम भिंतींवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा निकासिल मुलामा आला. अशा इंजिनात लोखंडाचा एक मोठा उगम नाहीसा होतो आणि निकेल दिसू लागले तर लक्ष द्यावे लागते.

सिलिकॉनबाबत सर्वांत जास्त गैरसमज होतात. तो धुळीचा घटक, म्हणून तो वाढला की एअर फिल्टर गळतो असे पहिले अनुमान निघते, आणि सिलिकॉनसोबत लोखंड व अॅल्युमिनियम चढत असेल तर ते बरोबरच असते. पण नुकत्याच बांधलेल्या इंजिनात गॅस्केटला लावलेल्या सिलिकॉन पेस्टमधूनही तो येतो. तेव्हा झिजेचे धातू शांत असतात आणि दोन-तीन तेलबदलांत आकडा आपोआप उतरतो. १९७० च्या दशकापासून काही इंजिनांचे ब्लॉक सिलिकॉन भरपूर असलेल्या अॅल्युमिनियमचे झाले, तेव्हा तिसरा उगम जोडला गेला.

झिजेइतकेच तेलाचे स्वतःचे आकडे महत्त्वाचे असतात. १९४० च्या दशकात तेलात जस्त, गंधक आणि फॉस्फरस यांचे झेडडीडीपी हे संयुग घालायला सुरुवात झाली, ती तेल आंबू नये आणि बेअरिंग गंजू नये म्हणून. पुढे लक्षात आले, की कॅम आणि टॅपेट घासतात तिथे ते धातूवर संरक्षक लेप तयार करते. जुन्या वेगवान इंजिनांचे कॅम रोलरवर न फिरता टॅपेटवर किंवा रॉकरवर घासत जातात, आणि त्यांना हा लेप हवाच. पण अमेरिकेत १९७५ पासूनच्या मोटारींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला आणि फॉस्फरस त्याला निकामी करतो. हळूहळू मर्यादा घट्ट झाली. २००४ च्या एपीआय एसएम या तेलप्रतीत पातळ तेलांसाठी फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर, म्हणजे ८०० पीपीएमवर अडवला गेला. २०डब्ल्यू-५० सारखी घट्ट तेले या मर्यादेबाहेर राहिली, म्हणून जुन्या इंजिनांसाठी आजही त्यांनाच पसंती आहे. अहवालात जस्त आणि फॉस्फरस पाहण्याचे कारण हे, आणि ही माहिती तेलाच्या डब्यावर सहसा मिळत नाही.

श्यानता, म्हणजे तेलाचा घट्टपणा, उतरलेला दिसला तर पेट्रोल मिसळल्याची शंका घ्यावी. दोन-तीन कार्ब्युरेटरची जुळणी चुकली, चोक अडकला किंवा मोटार फक्त गल्लीपुरती चालवली की न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरते. मिश्रण दोन-अडीच टक्क्यांवर गेले की बेअरिंगवरचा तेलाचा थर पातळ होतो. आम्ल मारण्याची तेलाची उरलेली शक्तीही मोजतात. वर्षाला हजार किलोमीटरही न चालणाऱ्या मोटारीत ती किलोमीटरने नव्हे, काळाने आणि ओलाव्याने संपते. अशा मोटारीत लोखंड वाढलेले असेल तर ती झीज नसून उभ्या मोटारीतला गंज असण्याची शक्यता जास्त. शिशाऐवजी पेट्रोलमध्ये घालायची द्रव्येही गोंधळ घालतात. त्यांतली काही पोटॅशियम किंवा सोडियमवर आधारलेली आहेत, आणि पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात ती हेड गॅस्केट गळत असल्याचा भास निर्माण करतात.

या तपासणीची मोठी उणीव कणांच्या आकारात आहे. ठिणगीत किंवा ज्योतीत पूर्ण जळतात ते पाच-दहा मायक्रॉनपर्यंतचे कण. त्याहून मोठे कण मोजलेच जात नाहीत. बेअरिंग किंवा गिअरचा दात तुटू लागला की नेमके मोठे तुकडे सुटतात, आणि अहवाल मात्र चांगला येतो. १९७० च्या दशकात व्हर्नन वेस्टकॉट यांनी फेरोग्राफी विकसित केली ती या उणिवेवर उपाय म्हणून. चुंबकाच्या साहाय्याने काचेवर कण आकारानुसार मांडून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात. घासून सुटलेला कण पापुद्र्यासारखा, कापून सुटलेला लोखंडी किसासारखा कुरळा. जुन्या मोटारीच्या मालकाला हे परवडत नसेल तर ऑइल फिल्टर कापून त्याची कागदी घडी उलगडावी आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावर काय चिकटले ते पाहावे. व्हॉल्व्हची स्प्रिंग किंवा कनेक्टिंग रॉडचा बोल्ट थकून तुटणार असेल तर त्याची पूर्वसूचना मात्र कोणतेच तेल देत नाही.

नमुना इंजिन गरम असताना घ्यावा. संपचा प्लग काढल्यावर पहिली धार जाऊ द्यावी, कारण तळचा गाळ तिच्यात येतो. मधली धार कोरड्या, स्वच्छ बाटलीत धरावी. बाटलीवर तेलाचे नाव आणि प्रत, त्या तेलावर चाललेले किलोमीटर, मध्ये भरलेले तेल आणि इंजिन शेवटचे कधी उघडले, हे लिहावे. न वापरलेल्या त्याच तेलाचा एक नमुना सोबत पाठवला तर तेलात आधीपासून काय होते आणि इंजिनाने काय दिले, हे वेगळे करता येते. पहिल्या अहवालावरून इंजिन उघडू नये. तीन अहवाल जमेपर्यंत ओळीने नोंद ठेवावी, आणि मोटार विकली तर ती वही नव्या मालकाच्या हाती द्यावी.